आम्ही पोटासाठी इस्रायलला गेलो असं लिहिणाऱ्यांना: एका बेने इस्राएल बाईचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे अध्यापक, संशोधक आणि बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजावर मराठीतून लिहिणारे सर्व लेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्यावर लिहिता आणि आपुलकीने लिहिता, त्याबद्दल आधी मनापासून आभार. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून पडलेलं 'शनवार तेली' हे नाव, केहीमकर, राजपूरकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून आलेली आडनावं, हे सगळं मराठी वाचकांपर्यंत तुमच्यामुळे पोचलं. इथे इस्रायलमध्ये, लोदला, आमच्या फोनवर तुमचा एखादा लेख आला की तो दिमोना, बीरशेबा, अश्दोद असा फिरून संध्याकाळपर्यंत पुन्हा आमच्याकडेच येतो. म्हातारी माणसं नातवंडांना शेजारी बसवून तो मोठ्याने वाचून दाखवतात.

माझी तक्रार आहे ती लेखाच्या शेवटच्या भागाबद्दल. तिथे बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न येतो: भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, मग हे लोक इस्रायलला गेले का? प्रश्न रास्त आहे. गोव्यात पोर्तुगीजांनी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, चालवलं, असे काही अपवाद सोडले तर या देशात ज्यूंच्या वाटेला कोणी गेलं नाही. कोकणातल्या शेजाऱ्यांनी तर आम्हांला पोटाशी धरलं, आणि हे आम्ही इथे कोणालाही ठासून सांगतो. पण त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढे जी यादी येते ती वाचून मन खट्टू होतं. इंग्रज गेले आणि रेल्वे, पोस्ट, कस्टममधल्या नोकऱ्यांचा भरवसा गेला. मुंबईत जागा मिळेना. आधी गेलेल्या नातेवाइकांमागे बाकीचे गेले. नव्या देशाने येण्याचा खर्च उचलला. आणि सगळं सांगून झाल्यावर शेवटी एक वाक्य: 'याला धार्मिक भावनेचीही किनार होती.'

हे पत्र त्या किनारीबद्दल आहे. माझं म्हणणं असं की ती किनार नव्हतीच. मूळ कारण तेच होतं, आणि ते शेवटी ढकललं तर तुमच्याच पुराव्यांचा मेळ बसत नाही.

पोटाची कारणं खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. माझे बाबा रेल्वेत होते. ठाण्यात दोन खोल्यांत आमचं सगळं खटलं राहायचं. स्वातंत्र्यानंतर बढतीचं काय होणार, ही काळजी जेवताना बोलली जायची. पण हीच काळजी अँग्लो-इंडियन कुटुंबांनाही होती. त्यांच्या आणि आमच्या नोकऱ्या त्याच खात्यांतल्या, कितीतरी ठिकाणी क्वार्टर्सही शेजारी शेजारी. ते इंग्लंडला गेले, ऑस्ट्रेलियाला गेले, कॅनडाला गेले. मुंबई-कलकत्त्याचे बगदादी ज्यू घ्या. डेव्हिड ससून १८३२ साली मुंबईत आले, त्यांच्या मागोमाग वाढलेला हा समाज. व्यापारात मुरलेला, इंग्रजी सरावाची. त्यांच्यातलेही पुष्कळ जण लंडन-सिडनीकडे वळले. आमच्यातले काही जण गेलेच विलायतेला, नाही असं नाही. पण बेने इस्राएलांचा मोठा ओघ लागला तो अशा देशाकडे, जिथे १९४९ पासून १९५९ पर्यंत रेशनिंग होतं, जिथे नव्याने आलेल्यांना आधी तंबूत नाहीतर पत्र्याच्या खोपटात दिवस काढावे लागत, आणि जिथल्या दिमोना या गावाची वसाहतच १९५५ ची, भर वाळवंटात. मुंबईचा कारकून आणि पनवेलचा सुतार निव्वळ पोटासाठी निघाले असते तर त्यांनी हा पत्ता निवडला नसता.

तुम्हांला एक आपल्या मातीतलं उदाहरण देते. आषाढी वारीची वेळ पाहा. पेरण्या उरकलेल्या असतात, शेतकऱ्याला थोडी उसंत असते. वारी कधी निघते हे शेतीवरून छान समजावून देता येतं. पण वारकरी पंढरपूरलाच का जातो, हे विठ्ठलाचं नाव न घेता कोणी सांगून दाखवावं. आमच्या बाबतीत नोकरी, जागा, नातेवाईक यांनी ठरवलं ते केव्हा निघायचं. कुठे जायचं हे फार आधी ठरलेलं होतं.

ते कुठे ठरलं होतं ते पाहायचं तर आमचं प्रार्थनेचं पुस्तक ऐतिहासिक साधन म्हणून वाचावं लागेल. तुम्ही शिलालेख वाचता, बखरी वाचता, कंपनी सरकारचा पत्रव्यवहार वाचता. जे पुस्तक एक अख्खा समाज दिवसातून तीनदा म्हणत होता, ते मात्र 'धार्मिक साहित्य' म्हणून बाजूला राहतं. त्यात रोजच्या रोज काय मागितलं आहे? आमच्या सुटकेसाठी मोठं शिंग फुंक, आमच्या पांगलेल्यांना गोळा करायला निशाण उभार. तू सियोनला, म्हणजे जेरुसलेमला, परत येशील ते आमच्या डोळ्यांना पाहू दे. जेवण झाल्यावर आभार मानायचे, त्यातही जेरुसलेम पुन्हा बांध ही विनंती. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणानंतर १२६वं स्तोत्र, सियोनचे बंदिवान परत आले तेव्हा आम्ही स्वप्नात असल्यासारखे होतो, हे सांगणारं. ही प्रार्थना पश्चिमेला तोंड करून म्हणायची, कारण कोकणातून जेरुसलेम त्या दिशेला आहे. मुंबईत सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी १७९६ साली बांधलेल्या पहिल्या सिनेगॉगपासून, म्हणजे प्रार्थनामंदिरापासून, ते अलिबाग, पनवेल, ठाण्यापर्यंत तोराच्या, आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं हेखाल पश्चिमेकडेच असतं.

पावसाची गोष्ट यापेक्षाही बोलकी आहे आणि ती मी कुठल्याच मराठी लेखात वाचलेली नाही. सुक्कोथचा सण संपता संपता, तिश्री महिन्यात, सिनेगॉगमध्ये पावसाची प्रार्थना होते. त्या दिवसापासून 'वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा' म्हणून देवाला आळवायचं. हे दिवस साधारण आश्विन-कार्तिकाचे. कोकणात तेव्हा भात पिवळं होऊन कापणीला आलेलं असतं, आणि शेतकरी देवापुढे हात जोडतो तो आता एक सरसुद्धा नको म्हणून. माझ्या आजीचं माहेर पेण तालुक्यातलं, थोडी भातशेती असलेलं. ती सांगायची, तिचे वडील सिनेगॉगमध्ये पावसाची प्रार्थना म्हणून घरी यायचे आणि आभाळ भरून आलेलं दिसलं की धोतराचा काचा मारून तसेच शेतावर धावायचे, कापलेलं भात उडवीला लावायला. त्यांना यात काही विसंगत वाटत नसे. तो पाऊस पेणसाठी नव्हताच. तो गालीलच्या आणि यहुदाच्या डोंगरातल्या जमिनीसाठी मागितलेला होता, जिथे कोरडा उन्हाळा सरून नेमक्या त्याच सुमारास पहिला पाऊस यायचा असतो. ज्यांनी ती जमीन कधी पाहिली नाही, ज्यांच्या पणजोबांनीही पाहिली नाही, ते तिच्या ऋतूंप्रमाणे देवाशी बोलत होते. अशा माणसांचं बिऱ्हाड कोकणात असतं, पंचांगातलं एक पान मात्र दुसऱ्या भूमीचं असतं.

पेसाहच्या रात्रीचं तेच. १८७४ साली पुण्यात मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनिएल तळकर यांनी हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायचं पुस्तक, छापून काढला. त्यातली चित्रं पाहिली नसतील तर जरूर पाहा. सण मिसर देशातून सुटल्याचा, आणि बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका आपल्यासारख्या साडीतल्या, बैठक जमिनीवर. त्या पुस्तकाच्या शेवटी घरातली सगळी माणसं जे म्हणतात ते जगातल्या सगळ्या ज्यूंसारखंच: पुढल्या वर्षी जेरुसलेममध्ये. आमच्या घरी हे वाक्य आजोबा दोनदा म्हणायचे. एकदा हिब्रूत, एकदा मराठीत. दुसऱ्यांदा म्हणताना ते हळू म्हणत, कारण तेव्हा त्याचा अर्थ सगळ्या पोरांना कळत असे.

बाकीच्या सणांना तर अस्सल कोकणी नावं. नवं वर्ष म्हणजे नव्याचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुःखाची तिथी, अव महिन्यातली नववी, ती आमच्याकडे बिरड्याचा सण म्हणून ओळखली गेली, वालाच्या बिरड्यावरून. प्रार्थनेची पुस्तकं हाती येण्याआधी कितीतरी शतकं हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते, 'शमा इस्राएल' एवढीच प्रार्थना तोंडी उरली होती. तरी मंदिराचं सुतक वालाच्या बिरड्याच्या आधाराने टिकलं. ज्यांना 'धार्मिक भावनेची किनार' म्हणायचं आहे त्यांनी थोडा वेळ या गोष्टीपाशी थांबावं.

आणि मलिदा. मलिद्यावर तुम्ही सगळेच लिहिता: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, वर पाच फळं, गुलाबाच्या पाकळ्या, आणि भोवती बसून सगळ्यांनी एलियाहू हनाबीचं गाणं म्हणायचं. यात कोकणातल्या नवसाची आणि उरुसाची छाप कशी आहे हे तुम्ही नेमकं दाखवता. पण एलियाहू हनाबी कोण, हा पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो संदेष्टा आहे, आणि आमच्या शास्त्राप्रमाणे तो सुटकेच्या दिवसाआधी येणार आहे. विखुरलेल्यांना गोळा करण्याची वेळ झाली, हे त्याच्या येण्याने कळणार. आमच्या लोकांचा विश्वास असा की अलिबागजवळ खंडाळ्याला त्याचा रथ उतरला होता, तिथल्या खडकावर घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या खुणा आहेत. म्हणजे जगात इतर ज्यू ज्याची वाट पाहत होते तो आमच्या गावात येऊन गेला होता. बारसं नाही असं होऊ शकेल, पण मलिद्याशिवाय आमचं लग्न नाही, सुंता नाही, नवस फेडणं नाही. कोकणातला बेने इस्राएल आपल्या प्रत्येक आनंदात परतीच्या दूताचं नाव घेत होता. इस्रायलला जायचा अर्ज मंजूर व्हावा म्हणून कितीतरी घरांतून मलिदा बोलला गेला, आणि इथे आल्यावर ते नवस हैफाला कार्मेल डोंगरातल्या एलियाहूच्या गुहेत जाऊन फेडले गेले. आजही आमच्या बायका तिथे पोह्यांचा डबा घेऊन जातात.

आता तुमच्यातला कोणी म्हणेल, इतकी ओढ होती तर १९४८ पर्यंत का थांबलात? आधीही जाता आलं असतं. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरातूनच माझा मुद्दा पक्का होतो. १८९७ साली थिओडोर हर्झल यांनी बाझेलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे सियोनच्या भूमीत ज्यूंचं घर व्हावं म्हणणाऱ्यांची परिषद, भरवली. त्या चळवळीत सामील होण्याचं निमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएलांनाही आलं होतं. त्यांनी नकार कळवला. कारण दिलं ते असं की सियोनला परत नेणारा हात परमेश्वराचा असेल आणि आम्ही त्याची वाट पाहतो आहोत. माणसांनी ठराव करून, वर्गणी गोळा करून हे काम करायचं नसतं, अशी त्यांची समजूत होती. ज्यू धर्मविचारात ही समजूत जुनी आहे. तालमूदात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, ज्यूंनी बळाने, भिंतीसारखं एकजुटीने वर चढून जाऊ नये अशी शपथ सांगितली आहे. त्याच धर्मविचारात तेराव्या शतकातल्या रामबान यांच्यासारखा मोठा पंडित त्या भूमीत राहणं ही आज्ञाच आहे असं सांगतो आणि म्हातारपणी, १२६७ साली, स्वतः जेरुसलेमला जाऊन पोचतो. वाट पाहणं आणि निघणं, दोन्ही श्रद्धेतूनच. श्रद्धा नसती, नुसता फायदा पाहायचा असता, तर १८९७ चं ते उत्तर कोणी लिहिलं नसतं. ज्या श्रद्धेने पन्नास वर्षं थांबवलं तिनेच नंतर उठवलं.

मे १९४८ मध्ये राज्य स्थापन झालं, १९५० मध्ये कुठल्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन राहू देणारा परतीचा कायदा झाला, त्याच वर्षी सप्टेंबरात भारताने इस्रायलला मान्यता दिली. आमच्या घरातला वाद मला मोठ्यांकडून ऐकून पाठ आहे. आजोबांना वाटे, हाच तो हात. त्यांचे धाकटे भाऊ म्हणायचे, मशीहा, सुटका करणारा, कुठे आलाय अजून, ही तर निवडणुका लढवणारी माणसं आहेत. दोघेही बायबलमधली वचनं काढून भांडायचे. पगारावरून, जागेवरून हा वाद कधी झाला नाही. आजोबांची शाखा आली, धाकट्या भावाची ठाण्यातच राहिली. जे राहिले त्यांची श्रद्धा उणी होती असं कोणी समजू नये. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ आणि ठाण्याचं शआर हशामाईम आजही उघडतं ते त्यांच्यामुळे. २०११ च्या जनगणनेत भारतातले सगळे ज्यू मिळून साडेचार हजारांच्या आसपास भरले. पन्नासच्या दशकाआधी एकटे बेने इस्राएल २० हजारांच्या घरात होते.

आणि आता तो भाग, ज्याबद्दल तुम्ही फार थोडक्यात लिहिता, आणि जो माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा आहे.

आल्यावर आमचं स्वागत सुखाचं झालं नाही. रंगावरून बोललं गेलं, कामं हलकी मिळाली, मुंबईत टेबलापाशी बसून लिहिणाऱ्या माणसाच्या हातात कुदळ आली. काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये, ज्यूंना इस्रायलला आणणाऱ्या ज्यूइश एजन्सी या संस्थेच्या दारात धरणं धरलं: आम्हांला परत पाठवा. १९५२ ते १९५४ या काळात एजन्सीने एकूण ३३७ जणांना गटागटाने भारतात परत नेलं. बहुतेक मराठी लेख इथे संपतात, 'भ्रमनिरास' असा शब्द लिहून. पुढची गोष्ट अशी की त्यांच्यातले बहुतेक जण काही वर्षांत पुन्हा इस्रायलला आले. विचार करा. त्यांनी तंबू पाहिले होते, रेशनचा काळा पाव खाल्ला होता, अपमान सोसला होता, आणि लढून परतीचं तिकीट मिळवलं होतं. मुंबईत त्यांचे भाऊबंद होते, भाषा होती, नारळाच्या दुधातली आमटी होती. तरी ते परत निघाले. पोटाचा हिशेब त्यांनी एकदा पुरता करून पाहिला होता.

दुसरी गोष्ट १९६२ ते १९६४ ची. ज्यूंची लग्नं नोंदवायचा अधिकार इथे रब्बींकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, असतो. मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या काळात असा आदेश निघाला की बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं दुसऱ्या ज्यू समाजात लग्न लावण्याआधी त्यांच्या आई-आजी-पणजीपर्यंत, जितकं मागे जाता येईल तितकं, कूळ तपासावं. म्हणजे शतकानुशतकं 'शमा'च्या एका ओळीवर ज्यांनी धर्म राखला त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही ज्यू आहात की नाही ते बघावं लागेल. ही बातमी ठाण्यात आली तेव्हा आमच्या घरी दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. आमचं जाणं त्यामुळे लांबलं. बाबा म्हणाले, जिथे आपल्याला ज्यू मानत नाहीत तिथे कशाला जायचं? आजी म्हणाली, बोलावणं त्यांनी धाडलेलं नाही, रद्द करायला ते कोण?

इथे असलेल्या आमच्या लोकांनी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं, बायकापोरांसकट. ऑगस्टमध्ये क्नेसेटला, म्हणजे इथल्या संसदेला, खास बसावं लागलं. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं, आणि रब्बींनी आदेशातून आमच्या समाजाचं नाव काढलं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या धरण्यात मागणी होती तिकिटाची. या वेळी मुख्य मागणी होती ती समान मान्यतेची. पोटासाठी आलेल्या माणसाला रब्बीने ज्यू म्हटलं काय, न म्हटलं काय, पगार तोच मिळतो. भर उन्हात मुलांना घेऊन जे बसले त्यांच्यासाठी प्रश्न पगाराचा नव्हता. मी आजवर ज्या ज्या मराठी लेखात ही हकीकत पाहिली तिथे ती 'वंशभेदाचा अनुभव' या मथळ्याखाली आहे. वंशभेद होताच, तो लिहिलाच पाहिजे. पण ती श्रद्धेची लढाईही होती, आणि लढणारे धर्माच्या कचेरीशी धर्माच्याच बळावर लढत होते.

आमचंच असं काही वेगळं घडलं असंही नाही. येमेनचे ज्यू १८८१-८२ साली पायी आणि जहाजाने जेरुसलेमला निघाले, कारण बायबलमधल्या गीतरत्न या पुस्तकातल्या एका ओळीतली अक्षरं उलटसुलट मांडली की हिब्रू पंचांगातलं तेच वर्ष निघत होतं. १९८४ च्या सुमारास इथिओपियाचे ज्यू, बेता इस्राएल, चालत सुदानला पोचले आणि तिथून विमानाने इस्रायलला आले; वाटेत आणि सुदानच्या छावण्यांत हजारो मेले. पण येमेनमध्ये जाच होता, इथिओपियात दुष्काळ आणि यादवी होती, त्यामुळे अभ्यासक म्हणू शकतो की ढकलणारं कारण तिथेच मिळालं. बेने इस्राएलांना ढकलणारं कोणी नव्हतं. म्हणून तर आमचं उदाहरण जगातल्या अभ्यासकांसाठी इतकं मोलाचं आहे, आणि ते मराठीत आहे. त्याची साधनं तुम्हांला वाचता येतात, त्यांना येत नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. श्रद्धेमुळे आम्ही आलो, एवढ्यावरून त्या भूमीवर हक्क कोणाचा हा प्रश्न सुटत नाही, आणि तो तसा सुटतो असं मी म्हणत नाही. १९४८ च्या लढाईत सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घराला मुकले. मी ज्या लोदमध्ये राहते तिथले बहुतेक अरब रहिवासी त्या जुलैत बाहेर काढले गेले, आणि राहिलेल्यांची मुलं-नातवंडं माझे शेजारी आहेत. त्यांच्या आजीनेही कशाची तरी वाट पाहिली. त्यांना काय देणं लागतं हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो आमच्या प्रार्थनेने झाकून टाकता येणार नाही. तुम्ही त्याबद्दल कठोर लिहा, मी वाचेन. पण माणसं का आली हे शोधताना त्यांचं खरं कारण नाकारून तो न्याय जवळ येत नाही.

तुमच्या अभ्यासात ही चूक का होते याचाही मी विचार केला आहे. तुमची प्रश्नावली मी पाहिली आहे. त्यात रकाने असतात: नोकरी, घर, नातेवाईक, शिक्षण, इतर. आमचं उत्तर 'इतर'मध्ये जातं आणि तिथे लिहायला अर्धी ओळ असते. शिवाय आमची माणसं कोकणातली. परक्या माणसाने विचारलं तर देवाचं नाव घेऊन कारण सांगायला लाजतात. 'भाऊ आला होता, म्हणून आम्ही आलो' असं सांगून मोकळे होतात. भाऊ का आला होता ते विचारलं तर चहा टाकायला उठतात. माझ्या बाबांनीसुद्धा एका संशोधकाला रेल्वेतल्या बढतीचंच सांगितलं होतं. तो गेल्यावर ते म्हणाले, त्याला बाकीचं कसं सांगायचं, तो वहीत लिहीत होता.

म्हणून विनंती आहे. पन्नासच्या दशकात तरुणपणी आलेली माणसं आता नव्वदीकडे झुकली आहेत. त्यांच्यातली बरीच अजून स्वच्छ मराठी बोलतात, काही जणांकडे जोसेफ इझिकिएल राजपूरकरांच्या मराठी भाषांतरातली प्रार्थनेची पुस्तकं आहेत, समासात पेन्सिलीने टिपणं केलेली. मुंबईहून निघताना काय नवस बोललात, ट्रंकेत पहिल्यांदा काय ठेवलंत, विमानातून उतरल्यावर पहिली कोणती बराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीची छोटी प्रार्थना, म्हटलीत, असे प्रश्न विचारा. 'का आलात' हा प्रश्न शेवटी विचारा, किंवा विचारूच नका. बायकांना वेगळं भेटा, नवरे समोर असले की त्या बोलत नाहीत. इस्रायलमधून निघणाऱ्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाचे जुने अंक चाळा, त्यात माणसांनी आपल्या मनानं लिहिलेलं आहे, कोणी विचारलं म्हणून नव्हे.

दिमोना आणि बीरशेबाला यायचं तर उन्हाळा टाळा. शुक्रवार दुपार आणि शनिवार सोडून कधीही या, संध्याकाळी चारनंतर सगळे घरी भेटतात. राहायची सोय होईल, ओळखी मी करून देईन. यायला जमत नसेल तर सुरुवात अलिबाग, पेण, पनवेल, ठाण्यापासून करा. तिथे राहिलेल्यांनाही कोणी अजून विचारलेलं नाही की तुमचे सख्खे भाऊ गेले त्या रात्री घरात काय बोलणं झालं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
लोदमध्ये राहणारी, मूळची ठाण्याची एक बेने इस्राएल वाचक